तीन मीटरच्या पन्हळीत माळीणचा डोंगर मावतो का?

प्रश्न थोडक्यात असा: ‘मी सिव्हिलमध्ये एम.टेक. करतो आहे. माळीण, तळिये इथं डोंगर जसा चिखल-दगडांसकट खाली आला, तसा लोंढा कॉलेजच्या लॅबमध्ये तीन मीटरच्या फ्ल्यूमवर, म्हणजे उतरत्या पन्हळीवर, तयार करून अभ्यासायचा आहे. गाइड म्हणतात, एवढ्याशा मॉडेलला काही अर्थ नाही. खरंच नाही का? आणि करायचंच ठरवलं तर मोजायचं काय?’

अर्थ आहे. पण तुमच्या गाइडची शंका खोटी नाही. या कामात माझी २२ वर्षं गेली आहेत. इतक्या वर्षांत सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक एकच: लहान पन्हळीला लोक लहान डोंगर समजतात. तीन मीटरच्या पन्हळीत लोंढा अडीच मीटर गेला, म्हणून तीनशे मीटरच्या उतारावर तो अडीचशे मीटर जाईल असा हिशेब मांडतात. तो हिशेब चुकतो. का चुकतो हे एकदा नीट कळलं की प्रयोग कसा आखायचा याची अर्धी उत्तरं आपोआप मिळतात. म्हणून आधी तेच सांगतो.

आपण मराठीत ‘दरड कोसळली’ असं सरसकट म्हणतो. घाटात कड्यावरून सुटलेला धोंडा रस्त्यावर पडतो, तीही दरड. माळीणला ३० जुलै २०१४च्या सकाळी गावामागच्या उतारावरची पाण्यानं भरलेली माती सुटली आणि वस्तीवर आली, १५१ माणसं गेली, तीही दरडच. यांत्रिकीच्या नजरेतून मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धोंडा घरंगळतो. भिजलेली माती, मुरूम आणि दगड यांचं मिश्रण वाहतं. अशा लोंढ्यात आकारमानानं निम्म्याहून जास्त भाग घन पदार्थांचा असतो, घनता पाण्याच्या जवळपास दुप्पट असते, आणि तरीही तो ओढ्याच्या वळणांतून पाण्यासारखा वळतो. एवढे दगड एकमेकांवर घासत असताना तो थांबत का नाही, हाच या विषयातला मूळ प्रश्न आहे.

उत्तर कणांमधल्या पाण्यात आहे. भातलावणीआधी खाचरात चिखलणी होते तेव्हाची माती आठवा. उन्हाळ्यात तीच माती माणसाचं वजन सहज पेलते, कारण कण एकमेकांवर टेकलेले असतात आणि त्यांच्यातलं घर्षण भार झेलतं. चिखलणी झाल्यावर पाय घोट्यापर्यंत आत जातो. माती तीच, कणही तेच. फक्त भाराचा मोठा वाटा आता कणांऐवजी त्यांच्यामधल्या पाण्यावर आलेला असतो, आणि पाण्याला घर्षण नसतं. कणांमधल्या या पाण्याच्या दाबाला पुस्तकात छिद्रजलदाब म्हणतात. लोंढ्याच्या तळाशी हा दाब वरच्या सगळ्या मिश्रणाच्या वजनाइतका झाला, की मिश्रण जवळजवळ द्रव होतं. दाब ओसरला की तोच लोंढा जागच्या जागी गोठल्यासारखा थांबतो.

लहान मॉडेलची अडचण इथूनच सुरू होते. अडकलेला दाब ओसरायचा तर पाण्याला कणांमधून वाट काढत पृष्ठभागापर्यंत यावं लागतं. त्याला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. लोंढ्याच्या वाहण्याचा वेळ मात्र लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, कारण तिथं गुरुत्वाकर्षणाचं राज्य असतं. डोंगरात लोंढा १ मीटर जाड आहे आणि तुमच्या पन्हळीत ५ सेंटीमीटर, असं धरा. जाडी २० पट कमी झाली, म्हणजे दाब ओसरण्याचा वेळ ४०० पट कमी झाला. वाहण्याचा वेळ फक्त साडेचार पट कमी झाला. माती तीच वापरली तर पन्हळीतला दाब डोंगरातल्या मानानं सुमारे ९० पट लवकर पळून जातो. डोंगरात जो लोंढा गाव ओलांडून पुढे जाईल, तो पन्हळीत मध्येच बसून राहतो, आणि आपण निष्कर्ष काढतो की ही माती फार लांब जात नाही. असा निष्कर्ष कुणी नियोजनाच्या नकाशावर नेला तर त्याची किंमत माणसं मोजतात.

आणखी एका बाजूनंही गडबड होते. चिखलाचा चिकटपणा आणि त्याची ताठरता लहान थरात अवास्तव मोठी ठरते. ५ सेंटीमीटरचा थर स्वतःच्या चिकटपणानंच अडून बसू शकतो. १ मीटरच्या थराला त्याच चिखलाचा तेवढा चिकटपणा जाणवतही नाही.

म्हणूनच अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं ऑरेगन राज्यात, एच. जे. अँड्र्यूज प्रायोगिक जंगलातल्या डोंगरउतारावर, १९९१ साली एक काँक्रीटची प्रचंड पन्हळ बांधली. लांबी ९५ मीटर, रुंदी २ मीटर, बाजूच्या भिंती १.२ मीटर उंच, उतार ३१ अंश. पायथ्याशी जवळजवळ सपाट काँक्रीटचं अंगण, लोंढा पसरून थांबण्यासाठी. माथ्यावर पोलादी दरवाजामागे २० घनमीटरपर्यंत भिजवलेली वाळू-खडी साठवता येते. दरवाजा उघडला की मिश्रण खाली पोचेपर्यंत सेकंदाला १० मीटरच्या आसपास वेग घेतं. रिचर्ड आयव्हर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं जे काम केलं, त्यानं या विषयाचा पाया बदलला. तुमच्याकडे ९५ मीटरची पन्हळ नाही, माझ्याकडेही कधी नव्हती. पण तिथले तीन निकाल तुमच्या प्रयोगाला थेट दिशा देतात.

पहिला निकाल २८ प्रयोगांचा आहे. तो २०१०मध्ये एकत्र मांडला गेला. प्रत्येक वेळी सुमारे १० घनमीटर मिश्रण. बदल फक्त दोन: मिश्रणातला चिखल वजनानं १ टक्का किंवा ७ टक्के, आणि तळाचा खडबडीतपणा १ मिलिमीटर किंवा १६ मिलिमीटर. प्रत्येक लोंढ्याला तोंड आणि धड असे दोन वेगळे भाग पडले. तोंडाशी मोठे दगड गोळा झालेले, सैल, कोरडे म्हणावेत असे, घर्षणानं भरलेले. मागचं धड बारीक कणांचं आणि जवळजवळ द्रव. म्हणजे मागचा पातळ भाग पुढच्या दगडी बांधाला ढकलत नेतो. ७ टक्के चिखलानं धडातला पाण्याचा दाब टिकवून ठेवला आणि लोंढे अधिक चपळ झाले. खडबडीत तळानं वेग कमी केला, पण लोंढा थांबण्याचं अंतर कमी झालं नाही! कारण खडबडीत तळावर कण जास्त घुसळले गेले, मोठे दगड वर आणि पुढे येऊन कडेला सारले गेले, दोन्ही बाजूंना त्यांचे बांध तयार झाले आणि त्या बांधांनी लोंढ्याला स्वतःचीच पन्हळ बांधून दिली. ‘ओढ्यात दगड टाकले, खडबड वाढवली की लोंढा लवकर थांबेल’ असं साध्या तर्कानं वाटतं. प्रयोगाशिवाय हा तर्क कुणी खोडला नसता.

दुसरा निकाल २०००सालचा, आणि तुमच्या विषयाला तो सर्वांत जवळचा आहे. त्याच पन्हळीत मातीचा एक जाड ठोकळा बसवून तो पाण्यानं भिजवत नेला. काही वेळा माती सैल भरली होती, आकारमानाचा जवळपास ०.५ भाग पोकळीचा. काही वेळा थोडी घट्ट, पोकळी ०.४च्या आसपास. एवढाच फरक. सैल माती सरकू लागताच आकसली, पोकळ्यांमधलं पाणी दाबलं गेलं, दाब चढला आणि सेकंदाभरात तिनं सेकंदाला १ मीटरहून जास्त वेग घेतला. घट्ट माती सरकताना फुगली, पोकळ्या वाढल्या, पाण्याचा दाब उतरला आणि ती थांबत थांबत, सेकंदाला दोनेक मिलिमीटरच्या चालीनं सरकली. एका मातीनं माणसाला पळायला वेळ दिला, दुसरीनं दिला नाही. पायाखालच्या उतारातली माती किती घट्ट आहे हे आपल्याकडे किती ठिकाणी मोजलेलं आहे? दरडीनंतरच्या अहवालांत पाऊस असतो, उतार असतो, खडकाचा प्रकार असतो. दरड न पडलेल्या शेजारच्या उताराची जागेवरची घनता मी फार थोड्या अहवालांत पाहिली आहे. हे मला मनापासून खटकतं.

तिसरा निकाल २०११चा, तळाच्या मातीचा. पन्हळीच्या तळाशी आधीच मातीचा थर पसरून त्यावरून लोंढा सोडला. तळ पुरेसा ओला असेल तर वरच्या लोंढ्याच्या भारानं त्यातल्या पाण्याचा दाब एकदम चढतो, घर्षण गळून पडतं आणि लोंढा तो तळ खरवडून घेत मोठाही होतो आणि वेगवानही. तळ तितका ओला नसेल तर तो लोंढ्याचा वेग खातो. ३० जुलै २०२४ला वायनाडमध्ये वेल्लारीमलाच्या बाजूनं सुटलेला लोंढा सुमारे ८ किलोमीटर खाली गेला आणि मुंडक्काई, चूरलमला या वस्त्या त्यानं पुसून टाकल्या. सुटताना किती माती होती एवढंच पाहिलं तर असल्या लोंढ्याचा पल्ला समजत नाही. वाटेत त्यानं काय काय गिळलं, हेही पाहावं लागतं.

आता तुमची तीन मीटरची पन्हळ. तिच्याकडून पल्ल्याचा आकडा मागू नका. पावसाची धोक्याची पातळीही मागू नका, ती नोंदींमधून आणि जागेवरच्या मोजमापातून येते. तिला तुलनेचे प्रश्न विचारा: बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट बदलली तर वागणं कुठल्या बाजूला झुकतं? नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या गटानं साधारण दोन मीटरच्या पन्हळीवर नेमकं हेच केलं. मिश्रणातली चिकणमाती, खडी आणि पाणी यांचं प्रमाण बदलत नेलं. चिकणमाती वाढवली तसा पल्ला वाढला, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे चिखल इतका चिकट झाला की पल्ला घटला. खडीचंही तसंच. लहान पन्हळीतही दगडी तोंड आणि बाजूचे बांध नीट तयार झाले. त्यांनी पल्ल्याचा आकडा डोंगरावर नेला नाही, वागण्याचा कल शोधला. तुमच्या गाइडना हे उदाहरण दाखवा.

अडथळ्यांचा अभ्यास करायचा असेल तर आणखी एक अट आहे. बंधाऱ्यावर किंवा जाळीवर किती दाब येईल हे साधारणपणे घनता गुणिले वेगाचा वर्ग, गुणिले एक गुणक असं काढतात. घनता घनमीटरला २००० किलो आणि वेग सेकंदाला ५ मीटर धरला तर गुणकाआधीच ५० किलोपास्कल होतात, मोठ्या धोंड्याचा ठोसा वेगळा. सगळा वाद त्या गुणकाचा. लहान पन्हळीतून तो अनेकदा भलताच येतो, कारण पन्हळीत लोंढा पातळ आणि फार वेगवान असतो. ५ सेंटीमीटर जाडी आणि सेकंदाला ३ मीटर वेग असेल तर फ्रूड अंक (थराच्या जाडीच्या मानानं वेग किती, हे सांगणारा आकडा) ४.३ येतो. डोंगरात २ मीटर जाडी आणि सेकंदाला ६ मीटर वेग असेल तर तो १.४च्या खाली राहतो. पहिला लोंढा भिंतीवर आदळून कारंज्यासारखा वर उडतो, दुसरा भिंतीमागे साचत जातो. दोघांचा गुणक एक असणार नाही. तेव्हा अडथळ्यावर प्रयोग करणार असाल तर उतार कमी करून आणि थर जाड करून आधी फ्रूड अंक जुळवा, मगच लोड सेल, म्हणजे भार मोजणारा सेन्सर, लावा.

मोजायचं काय? तीन गोष्टी, एकाच जागी आणि एकाच वेळी: थराची जाडी, तळावरचा एकूण भार आणि तळाशी पाण्याचा दाब. जाडीसाठी वरून लेझर सेन्सर, भारासाठी तळात बसवलेली लोड सेलवरची छोटी पाटी, दाबासाठी तिच्या शेजारी प्रेशर सेन्सर. एकूण भारातून पाण्याचा दाब वजा केला की कणांवर किती भार उरला ते कळतं, आणि घर्षण तेवढ्यावरच चालतं. यातलं एक जरी सुटलं तरी उरलेल्या दोन आलेखांवरून तुम्ही फक्त अंदाज बांधत राहाल. बाजूच्या भिंतीचा एक तुकडा काचेचा किंवा ॲक्रिलिकचा करा आणि कॅमेरा सेकंदाला किमान २०० चित्रांवर ठेवा. काचेलगतचा वेग मधल्या वेगापेक्षा कमी असतो हे विसरू नका. म्हणून वरूनही एक कॅमेरा हवा.

प्रेशर सेन्सरबद्दल माझा एक अनुभव सांगतो. सुरुवातीच्या काळात आमच्या सगळ्या आलेखांत पाण्याचा दाब लोंढ्याच्या तोंडापाठोपाठ बराच उशिरा चढताना दिसायचा. आम्ही त्यावर एक सुंदर स्पष्टीकरणही रचलं: तोंड कोरडं असल्यामुळे दाब धडातच तयार होतो. स्पष्टीकरण पूर्ण चुकीचं नव्हतं, म्हणूनच ते घातक ठरलं. सेन्सरच्या तोंडावरच्या जाळीमागे हवेचा छोटासा बुडबुडा अडकत होता. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्या बुडबुड्यानं प्रत्येक चढाव उशिरा आणि बोथट करून दाखवला. चार महिन्यांच्या नोंदी आम्ही बाजूला ठेवल्या. तेव्हापासून जाळीमागची जागा हवा काढलेल्या पाण्यानं किंवा सिलिकॉन तेलानं भरायची, आणि प्रत्येक प्रयोगाआधी पन्हळीत नुसतं पाणी सोडून सेन्सर लगेच प्रतिसाद देतो का ते पाहायचं, हा आमचा शिरस्ता झाला. पाच मिनिटांचं काम आहे. ते चुकवू नका.

मिश्रण टाकीत ढवळत राहिलं पाहिजे, अगदी दरवाजा उघडेपर्यंत. ढवळणं थांबवून ‘कॅमेरा तयार आहे का’ असं विचारण्यात अर्धा मिनिट गेला तरी खडी तळाशी बसते आणि वरून आधी पाणी निघतं. मग पन्हळीत येतो तो पूर असतो, लोंढा नसतो. दरवाजा एका झटक्यात पूर्ण उघडला पाहिजे. लटकत्या वजनाला बांधलेला सरकदरवाजा मोटरपेक्षा भरवशाचा असतो. एकच प्रयोग किमान पाच वेळा करा. लोंढे लहरी असतात, एकाच कृतीचे दोन लोंढे हुबेहूब येत नाहीत. तुमचे पाच आलेख एकमेकांवर ठेवल्यावर जी रुंदी दिसेल, तिच्यापेक्षा मोठा फरक असेल तरच ‘चिखल वाढवल्यानं फरक पडला’ असं म्हणता येईल. प्रबंधात ती रुंदी लपवू नका, छापा.

माती सह्याद्रीतलीच घ्या, पण तिचे स्वभाव ओळखून. बेसाल्ट कुजून झालेल्या आपल्या मातीत बारीक कणांचे गोळे असतात. कोरड्या चाळणीत ते वाळूसारखे दिसतात आणि पाण्यात घुसळले की विरघळून चिखल होतात. कोरड्या चाळणीवर विसंबाल तर चिखलाचं प्रमाण कमी धराल. चाळण ओली करा, बारीक कणांचं प्रमाण काढणारी हायड्रोमीटर चाचणी करा, आणि प्रयोगानंतर थांबलेल्या लोंढ्यातूनही नमुना घेऊन पुन्हा तपासा. मोठे दगड अर्थातच गाळावे लागतील. मी पन्हळीची रुंदी सर्वांत मोठ्या दगडाच्या किमान दहापट ठेवतो, नाहीतर दगड भिंतींमध्ये अडकून कमानी बांधतात. दाब फार लवकर ओसरतो ही जी अडचण वर सांगितली, तिच्यावर थोडा उतारा म्हणजे बारीक कणांचं प्रमाण जाणीवपूर्वक वाढवणं, म्हणजे मिश्रणातून पाणी सावकाश निघेल. पण मग ती ‘माळीणची माती’ उरत नाही, ते माळीणच्या मातीसारखं वागावं म्हणून बनवलेलं मिश्रण असतं. प्रबंधात ते तसंच लिहा.

तुम्हाला एक विषयही सुचवतो. माळीणनंतर पडकईवरून, म्हणजे डोंगरउतारावर पायऱ्यांची भातखाचरं पाडण्यावरून, मोठा वाद झाला. उतारावर खाचरं पाडली, सपाट तुकड्यांत पाणी साचून मुरलं आणि डोंगर सुटला, असं काहींचं म्हणणं. या उतारांवर राहणाऱ्या आदिवासी शेतकऱ्यांच्या पोटाचा हा प्रश्न आहे, त्यामुळे कुणीही खात्रीनं बोलण्याआधी मोजमाप हवं. तीन मीटरची पन्हळ माळीणचा निवाडा करू शकत नाही. पण सरळ उतार आणि पायऱ्या पाडलेला उतार, दोन्हींत तीच माती त्याच घनतेनं भरून, वरून तोच कृत्रिम पाऊस पाडून, आतला पाण्याचा दाब कुठं आणि किती लवकर चढतो, पायरीच्या कडेला की तळाशी, भरावात की मूळ मातीत, एवढं ती नक्की दाखवू शकते. पायरीच्या कडेला पाण्याला वाट काढून दिली तर काय बदलतं, हेही त्याच मांडणीत पाहता येईल. हा प्रश्न तुमच्या पन्हळीच्या मापाचा आहे, आणि त्याचं उत्तर शेतकऱ्याच्या उपयोगाचं आहे.

पन्हळीसाठी लोखंड कापायला देण्याआधी मात्र एक काम करा. पावसाळा संपला की कोअर कटर (मातीचा अखंड नमुना काढायची पोलादी नळी) घेऊन जागेवर जा. सुटलेल्या उताराशेजारच्या, अजून जागेवर असलेल्या उतारावरून, मालकाला विचारून, अर्धा मीटर, एक मीटर आणि जमलं तर दीड मीटर खोलीवरची घनता आणि ओलावा मोजा. पडकईच्या भरावातून वेगळे, मूळ मातीतून वेगळे नमुने घ्या. त्या घनतेवरून पोकळीचं प्रमाण काढा. ०.४ आणि ०.५च्या दरम्यान ते कुठं पडतं, त्यावर पन्हळीत माती किती ठोकून भरायची ते ठरेल. ते आकडे हातात आले की मला कळवा, सेन्सर कुठं बसवायचे ते आपण मिळून ठरवू.